पन्नास हजारांचा परतावा की बासष्ट हजारांचं देणं?

ताई, नमस्कार.

ऑक्टोबरमध्ये नोकरी बदलल्यामुळे २०२५-२६ चे दोन फॉर्म १६, म्हणजे पगाराचे आणि त्यातून कापलेल्या कराचे दाखले, तुमच्या हाती आहेत. पहिल्या कंपनीचा पगार ७,२०,०००, टीडीएस (आधीच कापलेला कर) ४४,०७०. दुसरीचा पगार ८,१०,०००, टीडीएस शून्य. मुदत ठेवींच्या ५८,००० व्याजावर बँकेने ५,८०० कापले. दोन्ही फॉर्मवर देय कर शून्य दिसतो, म्हणून ४९,८७० रुपये परत येतील असं धरून मुलीच्या वसतिगृहाचे ४८,००० क्रेडिट कार्डावर भरावेत का, असं तुम्ही विचारलंत.

कृपया भरू नका. परतावा येणार नाही, उलट कर भरावा लागणार आहे.

दोन्ही कंपन्यांनी फॉर्म १६ मध्ये आपापल्या सहा महिन्यांपुरताच हिशेब केला. दोघींनी ७५,००० ची प्रमाणित वजावट दिली, दोघींनी उत्पन्न बारा लाखांच्या आत धरून कर शून्यावर आणणारी कलम ८७ए ची सवलत लावली. पॅन मात्र एकच आहे, म्हणून कर दोन्ही पगार एकत्र धरूनच लागतो. खरं तर पहिली कंपनी दरमहा ७,३४५ कापत होती ते वर्षभराचा पगार डोळ्यांपुढे ठेवून, आणि तेच बरोबर होतं. दुसरीला मागचा पगार कळवला गेला नाही, तिथे कपात थांबली.

आता एकत्र मोजू. पगार १५,३०,०००. वजावट एकदाच, उरले १४,५५,०००. त्यात ठेवींचं व्याज ५८,००० आणि बचत खात्याचं ४,००० मिळवलं की १५,१७,०००. नव्या करप्रणालीत पहिले चार लाख मोकळे, पुढच्या चार लाखांचे २०,०००, त्यापुढच्या चार लाखांचे ४०,००० आणि बारा लाखांवरच्या ३,१७,००० वर १५ टक्क्यांनी ४७,५५०. एकूण १,०७,५५०, उपकरासह १,११,८५२. कापले गेलेले ४९,८७० वजा करता देणं ६१,९८२.

व्याजावर कापलेल्या ५,८०० कडेही परतावा म्हणून पाहू नका. बँकेने १० टक्के कापले, तुमचा दर १५ टक्क्यांचा आहे.

पीपीएफचे दीड लाख आणि आरोग्यविम्याचे २२,००० धरून जुन्या प्रणालीतही मोजून पाहिलं. घर स्वतःचं असल्याने घरभाड्याची वजावट नाही, आणि कर २,३०,००० च्या वर जातो. तो रस्ता सोडा.

आगाऊ कर, म्हणजे वर्षभरात हप्त्यांनी भरायचा कर, भरला गेला नाही, म्हणून प्राप्तिकर कायद्याच्या कलम २३४बी आणि २३४सी खाली व्याज लागेल. ३० जूनच्या आत भरलंत तर दोन्ही मिळून सुमारे ५,०००. जुलै उजाडला की आणखी ६१९. म्हणजे ३१ जुलैच्या मुदतीची वाट पाहण्यात तुमचंच नुकसान आहे.

पैसे कुठून आणायचे? ठेवींतली लहान पावती मोडा आणि त्यातून कर व फी दोन्ही भागवा. मुदतीआधी मोडल्याने व्याज थोडं कमी मिळेल, हे खरं. पण कार्डावर थकलेल्या रकमेला महिन्याला तीन-साडेतीन टक्के मोजावे लागतात, आणि ते फेडायला परतावाच नसेल. मुलीच्या शिक्षणाची सुरुवात अशा कर्जावर व्हावी असं मला मुळीच वाटत नाही.

भरण्याआधी २६एएस आणि एआयएस, म्हणजे तुमच्या नावावर कापलेल्या कराचा आणि उत्पन्नाचा प्राप्तिकर खात्याकडचा तपशील, उतरवून घ्या. एखादी विसरलेली ठेव तिथे दिसली तर वरचा आकडा वाढेल. मग स्वयंमूल्यांकन कराचं, म्हणजे स्वतः हिशेब करून उरलेल्या कराचं, चलन भरा, त्याचा तपशील विवरणपत्रात नोंदवा आणि देय रक्कम शून्य दिसली की सादर करा. ई-पडताळणी ३० दिवसांत करायला विसरू नका.