श्रावणात सोडता का, हे आधी विचारा

प्रश्न : मी अंबड एमआयडीसीतल्या एका कंपनीत एचआर विभागात काम करते. कायम आणि ठेकेदाराकडचे मिळून साडेतीनशे कामगार आहेत. सगळ्यांच्या आरोग्याच्या सवयी, ताण आणि सवय बदलण्याची तयारी मोजावी, असं व्यवस्थापनाचं म्हणणं आहे. मागच्या वर्षी छापील फॉर्म वाटले, तर जवळजवळ सगळ्यांनी 'व्यसन नाही, ताण नाही, झोप चांगली' असं लिहून दिलं. यंदा पुन्हा करायचं आहे. काय बदलू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ते फॉर्म गोळा कोणी केले, हे तुम्ही लिहिलेलं नाही. बहुतेक लाइनच्या सुपरवायझरनेच केले असतील आणि वर नाव, टोकन नंबर असेल. तसं असेल तर कामगारांनी जे लिहिलं त्यात मला काहीच नवल वाटत नाही.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत वैद्यकीय अधिकारी म्हणून माझी नोकरी झाली. एकदा प्रेस शॉपमधला एक ऑपरेटर माझ्यासमोर बसून असाच फॉर्म भरत होता. शर्टाच्या खिशातून चुन्याची डबी डोकावत होती, डाव्या तळहातावर चुन्याचा पांढरा डाग होता आणि 'तंबाखू' या शब्दापुढे त्याने 'नाही'वर खूण केली. मग हळूच विचारलं, "मॅडम, हा कागद साहेबांच्या टेबलावर जाणार ना?" त्याला कायम करायचं की नाही, हे त्याच महिन्यात ठरणार होतं. अशा माणसाकडून खऱ्याची अपेक्षा करणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

म्हणून दोन कागद वेगळे करा. पहिला बिननावाचा. त्यावर नाव नको, टोकन नको, विभागसुद्धा ढोबळच. तो घडी घालून कुलपाच्या पेटीत पडावा आणि पेटी बाहेरच्या माणसाने उघडावी. ज्या विभागात दहाहून कमी माणसं आहेत त्याचे आकडे वेगळे काढू नका. स्टोअरमध्ये चौघेच असतील तर कोणी काय लिहिलं ते लगेच ओळखू येतं. दुसरा कागद डॉक्टरपुढचा : रक्तदाब, साखर, कंबरेचा घेर. तो डॉक्टर आणि कामगार यांच्यातच राहील, एचआरकडे येणार नाही. हे व्यवस्थापनाकडून लेखी घ्या आणि नोटीस बोर्डावर लावा.

आता तयारी कशी मोजायची ते सांगते. सगळ्या प्रश्नावलीत मला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. प्रोचास्का आणि डिक्लेमेंटे या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी सिगारेट सोडणाऱ्यांचा अभ्यास करून 1983 मध्ये बदलाच्या पायऱ्या मांडल्या. पुढे त्यांना मुदती जोडल्या गेल्या. सहा महिन्यांत सोडायचा विचारच नाही, ही एक पायरी. सहा महिन्यांत सोडू म्हणणारा दुसऱ्या पायरीवर, महिन्याभरात सोडायची तयारी करणारा तिसऱ्या. सोडून सहा महिने व्हायचे असतील तर चौथी आणि त्यापुढे टिकला की पाचवी. 'तुम्हाला बदल करायला आवडेल का?' असा प्रश्न विचारलात तर साडेतीनशे 'हो' मिळतील. मुदत घालून विचारा.

आणि आपल्याकडे एक प्रश्न आयता आहे : श्रावणात सोडता का? जो माणूस महिनाभर दारूला हात लावत नाही, त्याला सोडता येतं हे त्याने दर वर्षी स्वतःच दाखवलेलं असतं. त्याच्याशी बोलायचं ते श्रावण संपल्यावर पहिला पेला कोणाबरोबर आणि कशासाठी होतो, यावर. माळकरी घरातला असेल तर घरचा आधारही असतो, तोही विचारा. मात्र 'गेल्या महिन्यात किती वेळा घेतली' हा प्रश्न श्रावणात किंवा गटारीच्या आठवड्यात नको. दोन्ही वेळा आकडा फसवा येईल.

तंबाखूसाठी 'किती पुड्या' यापेक्षा नेमका प्रश्न आहे : सकाळी डोळे उघडल्यावर पहिली चिमूट किती वेळात? अर्ध्या तासाच्या आत असेल तर शरीराला निकोटीन लागलेलं आहे, नुसत्या समजुतीने भागणार नाही. त्याला डॉक्टरकडे पाठवा. आणि असेंब्ली लाइनवरच्या बायकांना 'तंबाखू खाता का' विचारू नका, 'मिश्री लावता का' विचारा. मिश्री त्यांच्या लेखी दात घासायची वस्तू आहे, त्यामुळे त्यांचं 'नाही' प्रामाणिकच असतं.

ताणासाठी शेल्डन कोहेन यांची दहा प्रश्नांची मोजपट्टी जगभर वापरतात. प्रत्येक उत्तराला शून्य ते चार गुण, एकूण जास्तीत जास्त 40. यातले चार प्रश्न सरळ बाजूचे आहेत, म्हणजे सगळं हाताबाहेर गेलं नाही, जमतंय, अशा अर्थाचे. त्यांचे गुण उलटे धरायचे असतात. एक्सेलमध्ये बेरीज करताना हे हमखास विसरलं जातं आणि सगळा निकाल बिघडतो. हा आजाराचा निदान-आकडा नाही, गटागटांत तुलना करायची सोय आहे.

ही मोजपट्टीसुद्धा 'गेल्या महिन्याबद्दल'च विचारते. तुमच्याकडे दिंडोरी, निफाडहून मोटरसायकलवर येणारी पोरं असतीलच. ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत ती रात्रपाळी संपवून सकाळी थेट घरच्या द्राक्षबागेत उतरतात, त्यात पावसाची धास्ती. तेव्हा मोजलेला ताण कंपनीचा किती आणि बागेचा किती, हे कोण सांगणार? दर वर्षी एकाच महिन्यात मोजा आणि 'घरी शेती आहे का' हा प्रश्न जोडा.

कामगाराला इतकं विचारता, तर कामाबद्दलही विचारा. रॉबर्ट कॅरासेक यांनी 1979 मध्ये दाखवलं होतं की कामाचा रेटा मोठा आणि त्यावर स्वतःचा ताबा कमी, अशा जागी ताण सर्वांत जास्त असतो. तेव्हा शिफ्ट बदलल्याचं किती दिवस आधी कळतं, लघवीला जायला लाइन सोडता येते का, ओव्हरटाइमला नाही म्हणता येतं का, हे प्रश्न हवेतच. थर्ड शिफ्टवाला सिडकोतल्या एका खोलीत, पोरांच्या गलक्यात दुपारी झोपतो. त्याला 'सात-आठ तास झोप घ्या' असं पत्रक देऊन काय होणार? रोस्टर बदलायला कंपनी कोणत्या पायरीवर आहे, हे व्यवस्थापनाला त्याच मुदतींनी विचारा. तिथे 'विचारच नाही' असेल तर ताणाचे दहा प्रश्न गाळा. विचारून काहीच न करण्याने माणसं पुढच्या वर्षी पेटीत कोरे कागद टाकतात.

जीव द्यावासा वाटतो का, हा प्रश्न बिननावाच्या कागदावर मुळीच नको. कोणी 'हो' लिहिलं तर त्याच्यापर्यंत पोचणार कसं? त्याऐवजी फॉर्मच्या तळाला टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा मोफत नंबर ठळक छापा. तो तळाचा भाग फाडून खिशात ठेवता यावा.

छपाईआधी तिन्ही शिफ्टमधल्या चार-पाच जणांना मसुदा मोठ्याने वाचून दाखवा, त्यात ठेकेदाराकडचेही असू द्या. जिथे ते "म्हणजे?" विचारतील, ते वाक्य तिथेच बदला.