योगशास्त्रानुसार मनाच्या दुःखाचं मूळ कशात आहे?

पतंजलींच्या मते अविद्येत. योगसूत्रांच्या साधनपादात (दुसऱ्या भागात) अविद्या, अस्मिता (मीपणा), राग (आसक्ती), द्वेष आणि अभिनिवेश (मरणभय) असे पाच क्लेश, म्हणजे मनाला पीडणारे दोष, सांगितलेत, आणि लगेच 2.4 मध्ये अविद्येला उरलेल्या चौघांचं शेत म्हटलंय. अनित्याला नित्य, दुःखाला सुख, अनात्म्याला आत्मा समजणं ही ती अविद्या.

मला फार मोलाचं वाटतं ते 2.4 मधलंच पुढचं: क्लेश प्रसुप्त (झोपलेले), तनू (क्षीण), विच्छिन्न (मधूनच खंडित) किंवा उदार (पूर्ण प्रकट) असू शकतात. आज मन शांत आहे एवढ्यावरून द्वेष संपला असं धरू नका. एखाद्या आसक्तीखाली तो तात्पुरता दबलेला असतो. मरणभय, म्हणजे अभिनिवेश, विद्वानांनाही सुटत नाही (2.9). तप, स्वाध्याय, ईश्वरप्रणिधान (ईश्वराला समर्पण) यांनी हे क्लेश क्षीण होतात. त्यांच्या वृत्ती ध्यानाने घालवायच्या.