समुद्राकाठी फ्लॅश घ्यायचा तर जुन्या मॉडेलचा की नव्या?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: राहायला वेंगुर्ल्यात, कॅमेरा कॅनन ८०डी, कामं लग्नांची आणि हिवाळ्यात दशावताराच्या (आपल्याकडच्या रात्रभर चालणाऱ्या लोकनाट्याच्या) जत्रांची. समोर तीन फ्लॅश आहेत. एकाने वापरलेला गोडॉक्स व्ही८६०-२, दुकानातला कोरा व्ही८६०-३, आणि ओळखीतल्या कुणीतरी स्वस्तात देऊ केलेला कॅननचा ५८०ईएक्स-२. पैसे मोजके आहेत, कुठला घेऊ?

मी कुडाळला फोटोचाच धंदा करतो आणि तुमच्यासारखीच कामं करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तिन्हींच्या उजेडात तुम्हाला फरक कळणार नाही. ५८०ईएक्स-२ हा २००७चा, व्ही८६०-२ हा २०१६चा आणि व्ही८६०-३ हा २०२१चा. गाइड नंबर, म्हणजे उजेडाच्या ताकदीचा आकडा, कॅननचा ५८, दोन्ही गोडॉक्सचा ६०. त्यातही कॅननचा आकडा १०५ मिमी झूमवर मोजलाय, गोडॉक्सचा २०० मिमीवर, आणि झूम जास्त तितका हा आकडा मोठा दिसतो. म्हणजे सगळ्यात जुना तो सगळ्यात अशक्त, असं अजिबात नाही. हायस्पीड सिंक, म्हणजे खूप वेगवान शटरवरही फ्लॅश चालणं, तेही तिघांत आहे. त्यामुळे नव्या मॉडेलने फोटो उजळ येतील या आशेने पैसे घालू नका.

फरक आहे तो बॅटरीत आणि रेडिओत. ५८०ईएक्स-२ला चार पेन्सिल सेल लागतात आणि त्यात रेडिओ नाही. कॅमेऱ्यापासून लांब ठेवून उडवायचा तर तो कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशचा उजेड बघून उडतो. खोलीत हे जमतं. पण भर दुपारी तारकर्लीच्या वाळूवर किंवा मांडवाच्या खांबाआड ठेवलात की दगा देतो. कॅननने फ्लॅशमध्येच रेडिओ दिला तो २०१२ साली, ६००ईएक्स-आरटीपासून. दोन्ही गोडॉक्समध्ये रेडिओ आतच आहे, आणि तो एकाच घराण्याचा आहे. आज एक घेतलात आणि दोन वर्षांनी दुसरा, तर दोघं एकमेकांशी बोलतील. फक्त कॅमेऱ्यावर चढवायचा फ्लॅश कॅननसाठीचाच, म्हणजे नावापुढे ‘सी’ असलेला बघून घ्या. हे सगळं धरून ५८०ईएक्स-२ मी बाजूला ठेवेन. वाईट नाही तो, पण तुमच्या कामाला पुरणार नाही.

राहिले दोन गोडॉक्स. बॅटरीच्या बाबतीत इथे कागदावर जुनाच सरस दिसतो. व्ही८६०-२ची बॅटरी (व्हीबी१८) ११.१ व्होल्ट, २००० एमएएच. कंपनी पूर्ण ताकदीचे साधारण ६५० फ्लॅश सांगते. व्ही८६०-३ची (व्हीबी२६) ७.२ व्होल्ट, २६०० एमएएच, आणि फ्लॅश ४८०. एकदा उडाल्यावर पुन्हा तयार व्हायला दोघांनाही दीड सेकंद. एमएएचचा मोठा आकडा बघून फसू नका, व्होल्टने गुणून बघा. पण हा हिशेब कोऱ्या बॅटरीचा झाला. चार-पाच वर्षं वापरलेली व्हीबी१८ ६५० फ्लॅश देणार नाही, आणि फुगलेली असेल तर ती वापरायचीच नाही. म्हणून जुन्याची किंमत ठरवताना नव्या व्हीबी१८चे पैसे त्यात धरा, आणि ती तुम्हाला कुठे मिळेल याची आधीच चौकशी करा. नव्याची व्हीबी२६ ही गोल डोक्याच्या व्ही१लाही चालते, त्यामुळे ती पुढची काही वर्षं तरी मिळत राहील असं मी धरून चालतो. शिवाय तिचा चार्जर यूएसबीवर चालतो. पावसाळी वाऱ्यात आपल्याकडे वीज कशी जाते ते तुम्हाला सांगायला नको. पॉवर बँकेवर किंवा गाडीत बॅटरी भरता येणं ही इथे चैन नाही.

दशावतारासाठी नव्यात आणखी एक गोष्ट कामाची आहे. टीटीएलवर (यात फ्लॅशची ताकद कॅमेरा स्वतः मोजून ठरवतो) फोटो काढून एक बटण दाबलं की तीच ताकद मॅन्युअलमध्ये, म्हणजे हाताने ठरवायच्या पद्धतीत, जशीच्या तशी उतरते. दशावतारातला असुर, संकासुर, रंगमंचावर आला की काय होतं आठवा. तो नखशिखांत काळा. टीटीएलला वाटतं समोर अंधार आहे, तो ताकद वाढवतो, आणि शेजारच्या भटजीचा चेहरा पिठासारखा पांढरा पडतो. पुढच्या क्षणी जरीची साडी आणि मुकुट घातलेलं पात्र आलं की उलट, फोटो अंधारतो. मी सुरुवातीला साध्या उजेडात बसलेल्या पेटीवाल्यावर एक फोटो घेतो, ताकद ठीक वाटली की मॅन्युअलमध्ये बदलतो आणि रात्रभर तीच ठेवतो, कारण पात्रं रंगमंचावरच्या बाकड्याच्या आसपासच असतात, अंतर फारसं बदलत नाही. व्ही८६०-२वर हे करता येतं, पण ताकद हाताने, अंदाजाने लावावी लागते. तुमचा हात बसलेला असेल तर एवढ्यासाठी नवा घ्यायची गरज नाही. पुढचा छोटा एलईडी दिवा आणि कॅमेऱ्यावर बसवायचा खटका यांसाठी तर मी एक रुपयाही जास्त देणार नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपल्याकडे मॉडेल किती सालचं यापेक्षा हातातला तो एक नग कुठे राहिला हे जास्त मोजावं लागतं. माझा पहिला वापरलेला फ्लॅश चांगल्या नावाजलेल्या मॉडेलचा होता, दिसायला चकचकीत. वैशाखात किनाऱ्यालगतच्या एका मांडवात लग्न होतं. शेवटचं ‘सावधान’ झालं, अक्षता उडाल्या, नवरीने हार घातला, आणि माझ्या त्या तिन्ही फोटोंत नवरीचा चेहरा पांढराफटक. घरी येऊन फ्लॅश काढून उलटा धरला. कॅमेऱ्यावर बसणाऱ्या पायाच्या मधल्या पिनला काही झालं नव्हतं, पण भोवतालच्या बारीक पिनांवर मोहरीच्या दाण्याएवढी हिरवी बुरशीसारखी पूड बसली होती. खाऱ्या हवेने धरलेला तांब्याचा गंज. मधल्या पिनने फ्लॅश उडत होता, पण ताकद सांगणाऱ्या पिना मुक्या झाल्या होत्या, म्हणून तो प्रत्येक वेळी पूर्ण ताकदीने उडाला. ते फोटो परत मिळणारे नव्हते. त्या घरच्यांना मी स्वतः जाऊन सांगितलं. ते अजून लक्षात आहे, म्हणून हे इतकं सांगतोय.

तेव्हा वापरलेला घ्यायला जाल तेव्हा बॅटरी भरून, स्वतःचा कॅमेरा घेऊन, दिवसाउजेडी जा. आधी पायाच्या पिना आणि बॅटरीच्या कप्प्यातल्या पट्ट्या बघा. हिरवं किंवा पांढरं काही दिसलं तर भाव करत बसू नका, परत या. मग समोरच्या काचेतून उजेड देणारी नळी बघा. टोकं थोडी काळसर असणं वापराचं लक्षण आहे, पण पुढचं प्लास्टिक पिवळं किंवा भाजलेलं असेल तर तो लग्नांच्या रांगेत रगडला गेलाय. झूम २० ते २०० फिरवा, आतली मोटार अडखळता कामा नये. शेवटी पूर्ण ताकदीने दहा-बारा फ्लॅश, प्रत्येकानंतर तयार व्हायला किती लागतात ते मोजत. ताज्या बॅटरीवर तीन-चार सेकंद लागत असतील तर बॅटरी किंवा कपॅसिटर (फ्लॅशची वीज साठवणारा भाग) दमलाय. आणि काहीही झालं तरी तो स्वतः उघडून बघू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास साठा असतो आणि बॅटरी काढल्यावरही तो तिथे राहतो.

माणूस ओळखीचा, घाटावरचा, म्हणजे समुद्रापासून लांबचा, आणि नग या परीक्षेत उतरला, तर व्ही८६०-२ डोळे झाकून घ्या आणि वाचलेल्या पैशात कोरी बॅटरी आणि एक पांढरी छत्री घ्या. तो किनाऱ्यावरच राहिलेला असेल, किंवा विकणारा परीक्षा घेऊ देत नसेल, तर थोडं थांबून नवा व्ही८६०-३ घ्या. तुम्ही लग्नं पैसे घेऊन करता, तिथे दुसरी संधी नसते.

छत्री म्हटलं ते उगाच नाही. शहरातल्या हॉलमध्ये फ्लॅश छताकडे वळवला की भागतं. आपल्याकडे वर कौलं, तीही चुलीच्या धुराने काळी झालेली. उजेड वर जातो तो परत येतच नाही. मांडवात वर लाल-पिवळं कापड असलं की उजेड परत येतो, पण हळदीच्या आधीच नवरा पिवळा. संपादनात हा रंग नीट निघत नाही, कारण चेहऱ्याची एक बाजू पिवळी आणि दुसरी बल्बच्या रंगाची असते. म्हणून फ्लॅश स्टँडवर, पांढऱ्या छत्रीत, पात्राच्या किंवा वधूवरांच्या तिरप्यात ठेवा. रेडिओ हवा तो यासाठी. दशावतारात तर समोरून मारूच नका. एका जत्रेत एका जाणत्या नटाने मला रंगपटात बोलावून शांतपणे सांगितलं होतं, “बाबू, तो फ्लॅश डोळ्यार मारू नको, माका समोरचा काय दिसना नाय.” तेव्हापासून मी युद्धाच्या प्रवेशात फ्लॅश बंदच ठेवतो.

फ्लॅश घरी आल्यावर तो रात्रभर कॅमेऱ्यावर चढवून ठेवू नका. किनाऱ्यावरचं काम झालं की पिना कोरड्या सुती फडक्याने पुसा, महिन्यातून एकदा आयसोप्रोपिल अल्कोहोलने. मृगापासून दिवाळीपर्यंत रबरी कडेच्या हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा, बॅटरी बाहेर काढून, अर्धी भरलेली. आणि तेवढ्या महिन्यांतही पंधरवड्याने एकदा बॅटरी घालून पाच-सहा फ्लॅश उडवत जा, कपॅसिटर नुसता पडून राहिला की ढिला पडतो.

तुमच्याकडे दुसरा कॅमेरा म्हणून २००डी मार्क २ असेल तर मला कळवा. त्याच्या हॉटशूला (कॅमेऱ्यावरच्या फ्लॅश बसवायच्या खाचेला) मधली पिनच नाही, तिथे कुठला फ्लॅश चालतो ते वेगळं बघावं लागेल.