खेळातली बंदूक आणि घरातला राग

वाचकांचे प्रश्न, समुपदेशकाची उत्तरे

उन्हाळ्याच्या सुटीत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीचशी मोबाइलवरील मारधाडीच्या खेळांविषयी आहेत. त्यांतील तीन पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा पंधरा वर्षांचा असून यंदा दहावीत गेला आहे. बाहेर ऊन मी म्हणत असल्यामुळे दुपारभर तो कूलरसमोर पडून मोबाइलवर बीजीएमआय खेळतो आणि आम्ही झोपल्यावर रात्रीही खेळत असावा, असा मला संशय आहे. मागच्या आठवड्यात जेवणासाठी चारदा हाका मारूनही तो उठला नाही, तेव्हा मी वायफाय बंद केले. त्याने मोबाइल गादीवर आपटला, दाराला लाथ मारली आणि मला नको ते बोलला. तो पूर्वी असा नव्हता. त्याचे बाबा म्हणतात, हे खेळच मुलांना हिंसक बनवतात आणि म्हणूनच सरकारने पब्जीवर बंदी घातली होती. माझा भाऊ संगणक अभियंता आहे; तो म्हणतो, हे सारे थोतांड आहे. खरे काय मानावे? मोबाइल काढून घ्यावा का?
– एक आई, मानेवाडा, नागपूर

उत्तर : ताई, आधी बंदीविषयीचा गैरसमज दूर करते. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने पब्जी मोबाइलसह ११८ ॲपवर बंदी घातली, ती माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ अ खाली आणि देशाची सुरक्षा व वापरकर्त्यांच्या माहितीचा गैरवापर ही कारणे देऊन. खेळातल्या हिंसेचा त्या निर्णयाशी संबंध नव्हता. मुलांच्या वर्तनाचे कारण पुढे करून या खेळाला मनाई केली होती ती मार्च २०१९ मध्ये राजकोटच्या पोलिसांनी, आणि तेव्हा खेळताना सापडलेल्या काही तरुणांना अटकही झाली होती. तुमचा मुलगा खेळतो तो बीजीएमआय हा त्याच खेळाचा भारतासाठी काढलेला अवतार आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येते. या विषयावर अनेक दशके संशोधन चालू आहे आणि त्यात दोन तट आहेत, हे खरे. अमेरिकेतील क्रेग अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये शंभराहून अधिक संशोधनांची एकत्र छाननी करून असा निष्कर्ष काढला की हिंसक खेळांमुळे आक्रमक विचार, भावना आणि वर्तन वाढते. ख्रिस्तोफर फर्ग्युसन यांनी २०१५ मध्ये १०१ संशोधने तपासली आणि मुलांवरील असा परिणाम जवळजवळ नगण्य असल्याचे मांडले. २०१८ मध्ये नऊ ते एकोणीस वर्षे वयाच्या सतरा हजारांहून अधिक मुलांचा काही काळ मागोवा घेणाऱ्या २४ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. हिंसक खेळ खेळणाऱ्या मुलांमध्ये पुढे मारामारीसारखे वर्तन किंचित वाढते, असे त्यात दिसले. पण ही वाढ इतकी लहान होती की एका मुलाच्या आणि दुसऱ्या मुलाच्या आक्रमकतेत जो फरक असतो, त्यातला जेमतेम शेकडा एक भाग या खेळांच्या खाती जमा करता येईल. उरलेला सगळा भाग घर, स्वभाव, मित्रमंडळी, झोप, शाळा यांचा असतो. पुढच्याच वर्षी ऑक्सफर्डच्या संशोधकांनी चौदा-पंधरा वर्षांच्या सुमारे हजार ब्रिटिश मुलांचा अभ्यास केला. त्यांनी निष्कर्ष कसे काढणार हे आधीच लेखी नोंदवून ठेवले होते, खेळ किती हिंसक आहे हे मुलांना न विचारता अधिकृत वयोगट-मानांकनावरून ठरवले होते आणि मुलांच्या आक्रमकतेविषयी पालकांना विचारले होते. त्यात हिंसक खेळ आणि आक्रमकता यांचा संबंध आढळला नाही. हा अभ्यास मला विशेष मोलाचा वाटतो, कारण या क्षेत्रात उत्तर हाती आल्यावर त्याला साजेसे गणित मांडण्याची खोड जुनी आहे.

दोन्ही बाजू ज्याला आक्रमकता म्हणतात ती मोजतात कशी, हेही तुम्हाला ठाऊक असावे. प्रयोगशाळेत खेळ संपल्यावर त्या मुलाला समोरच्या न दिसणाऱ्या स्पर्धकाच्या कानात किती मोठा कर्कश आवाज सोडायचा हे ठरवू देतात, किंवा तिखट न आवडणाऱ्या माणसासाठी तिखटजाळ सॉस किती वाढायचा ते विचारतात. यावरून तो मुलगा रस्त्यावर कोणावर हात उचलेल की नाही हे सांगता येत नाही. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेने २०२० मध्ये आपला ठराव सुधारताना हाच भेद स्पष्ट केला. ओरडणे, ढकलणे यांसारख्या वर्तनाशी हिंसक खेळांचा लहानसा पण पुन्हा पुन्हा आढळणारा संबंध आहे. प्रत्यक्ष हिंसाचार या खेळांमुळे घडतो असे म्हणायला मात्र पुरेसा पुरावा नाही, असे संघटना म्हणते. म्हणजे तुमच्या यजमानांची भीती अवास्तव आहे, आणि तुमचे बंधू ज्याला थोतांड म्हणतात तेही अगदीच निराधार नाही.

परंतु ताई, तुमच्या घरात त्या दुपारी जे घडले त्याचा उलगडा या आकड्यांनी होत नाही. त्यासाठी त्या खेळाची घडण पाहावी लागते. बीजीएमआयच्या नेहमीच्या सामन्यात शंभर खेळाडू एका बेटावर उतरतात, चौघाचौघांचे संघ असतात, सुरक्षित वर्तुळ हळूहळू आवळत जाते आणि शेवटपर्यंत टिकलात तर सामना अर्धा तास चालतो. हा खेळ मध्येच थांबवून ठेवण्याची सोय त्यात नाही. पंचविसाव्या मिनिटाला वायफाय गेले की जखमी पडलेल्या मित्राला उठवायला कोणी उरत नाही, संघ हरतो, आठवडाभर जमवलेले गुण कमी होतात आणि संध्याकाळी तिघे मित्र जाब विचारतात. कबड्डीत चढाईला गेलेल्या मुलाला दम चालू असतानाच जेवायला ओढून आणावे, तसे हे झाले. त्याने दाराला लाथ मारणे आणि तुम्हाला वाईट बोलणे याचे मी मुळीच समर्थन करत नाही, आणि त्याबद्दल त्याने तुमची माफी मागितलीच पाहिजे. पण तो राग पडद्यावरच्या बंदुकीतून आला, असे मला वाटत नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगमालिकेत असे दिसले की खेळ हिंसक आहे की नाही यापेक्षा तो आपल्याला जमत नाही, बटणे हाताशी येत नाहीत, हार पदरी येते, या असहायतेमुळे खेळणाऱ्याची चिडचिड वाढते. टेट्रिससारखा निरुपद्रवी खेळ मुद्दाम अवघड केला तरी माणसे चिडत होती.

मला जास्त काळजी दोन गोष्टींची वाटते. पहिली त्याची झोप. तुमचा संशय खरा असेल आणि तो एक-दीडपर्यंत जागत असेल, तर दिवसभराच्या चिडचिडीचे कारण तिथेच सापडेल; अपुऱ्या झोपेने रागावरचा ताबा सुटतो हे निर्विवाद आहे आणि ते शोधायला मारधाडीपर्यंत जाण्याची गरज नाही. दुसरी गोष्ट त्याच्या कानातली. खेळताना माइक चालू असतो आणि अनोळखी माणसे, त्यांत पंचवीस-तीस वर्षांचे पुरुषही असतात, सतत शिव्या देत असतात. ही चित्रातली हिंसा नव्हे, खऱ्या माणसांनी तुमच्या मुलाशी केलेले खरे वर्तन आहे. ‘नको ते’ शब्द बहुधा तिथूनच आले. एक दिवस त्याच्या शेजारी बसून, हेडफोन काढायला लावून, एक पूर्ण सामना ऐका. माझ्याकडे येणाऱ्या पालकांपैकी फार थोड्यांनी हे केलेले असते.

मोबाइल काढून घेऊ नका, किमान आत्ता तरी नको. जेवणाची वेळ आधी ठरवा आणि त्याच्या अर्धा तास आधी सांगा, म्हणजे नवा सामना सुरूच होणार नाही. ही अट त्याने मोडली तर दुसऱ्या दिवशीचा खेळ बंद, हे त्याच्याशी शांतपणे, भांडण नसताना ठरवा. अनोळखी संघाबरोबर खेळताना माइक बंद, ओळखीच्या मित्रांबरोबर चालू. रात्री दहानंतर मोबाइल बैठकीच्या खोलीत चार्जिंगला राहील आणि तुम्हा दोघांचेही मोबाइल तिथेच राहतील. अठरा वर्षांखालील खेळाडूंना बीजीएमआयमध्ये रोज तीन तासांची मर्यादा आहे, पण मुले मोठ्यांच्या नावाने खाते उघडतात, तेव्हा त्याचे खाते कोणत्या वयाचे आहे ते एकदा पाहून घ्या. आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे असताना ‘मैदानावर जा’ असे दुपारी सांगण्यात अर्थ नाही. सकाळी सहाला अंबाझरीकडे सायकल किंवा संध्याकाळी साडेसहानंतर गल्लीतले क्रिकेट, एवढेच शक्य आहे. त्यासाठी त्याला सकाळी उठता आले पाहिजे, म्हणजे पुन्हा झोपेपाशीच आलो.

खेळावाचून त्याला दुसरे काहीच सुचत नसेल, मित्र, अभ्यास, जेवण सारे सुटत चालले असेल आणि हे महिनोन् महिने चालू असेल, तर तो वेगळा विषय आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगसूचीत खेळाच्या अशा विकाराची नोंद आहे आणि निदानासाठी साधारण बारा महिन्यांचा काळ धरला आहे. तशी शंका असल्यास मेडिकलच्या, म्हणजे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, मनोविकार विभागात दाखवा, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोला. त्याने तुमच्यावर किंवा घरातल्या कोणावर हात उचलला, तर मात्र एक दिवसही थांबू नका.

प्रश्न : मी सतरा वर्षांचा आहे आणि नीटची तयारी करतो. क्लासहून आल्यावर तासभर शूटिंगचा गेम खेळलो की डोक्यातला सगळा राग निघून जातो. बाबा म्हणतात, राग वाढतो. मला तर हलके वाटते. बरोबर कोण?
– एक विद्यार्थी, खामला

उत्तर : तुला हलके वाटते यावर माझा विश्वास आहे, तू दिलेले कारण मात्र मला पटत नाही. राग बाहेर काढला की तो संपतो ही समजूत प्रयोगात टिकलेली नाही. आयोवा राज्य विद्यापीठाच्या ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सहाशे विद्यार्थ्यांना आधी अपमानास्पद शेरे देऊन चिडवले. काहींना अपमान करणाऱ्याचा चेहरा मनात आणून पंचिंग बॅगवर ठोसे मारायला लावले, काहींना नुसते शांत बसवले. ठोसे मारणाऱ्यांचा राग अधिक राहिला आणि शांत बसलेले सर्वांत कमी आक्रमक ठरले. तुला बरे वाटते ते बहुधा तासभर क्लासचा, टेस्टच्या गुणांचा विचार डोक्यात येत नाही आणि मित्रांशी बोलणे होते म्हणून. तेच हवे असेल तर खेळ चालेल. ज्या सरांवर राग आहे त्यांना शत्रू समजून गोळ्या झाडत असशील तर ते सोडून दे.

बाबांसाठीही एक गोष्ट सांगते. जर्मनीतील संशोधकांनी २०१८ मध्ये प्रौढांना दोन महिने रोज जीटीए ५ हा मारधाडीचा खेळ खेळायला दिला आणि त्यांची आक्रमकता वाढली नाही. ती माणसे प्रौढ होती, तू अजून नाहीस, म्हणून हा निष्कर्ष तुला जसाच्या तसा लावत नाही. तासभराचा खेळ तासाभरातच संपतो का, हे तूच प्रामाणिकपणे पाहा आणि बाबांना दाखव.

प्रश्न : मी सहावीच्या वर्गाला शिकवते. मधल्या सुटीत मुले बोटांच्या बंदुका करून ‘हेडशॉट’ ओरडत धावतात. काही जण जीटीए खेळतो असे सांगतात. त्यांतला एक मुलगा खरोखरच इतरांना मारतो. पालकसभेत काय सांगावे?
– एक शिक्षिका, हुडकेश्वर

उत्तर : बाई, बोटांच्या बंदुकांची चिंता करू नका. पडणारा मुलगा हसत उठत असेल आणि पुढच्या वेळी तोच गोळ्या झाडत असेल, तर तो खेळच आहे. आपल्या पिढीनेही चोर-पोलिस असेच खेळले.

जीटीएचे तसे नाही. युरोपात तो अठरा वर्षांवरील खेळ म्हणून विकला जातो आणि त्यात छळाचे व लैंगिक प्रसंग आहेत. अकरा वर्षांच्या मुलाला तो देऊ नये हे सांगण्यासाठी त्यामुळे मूल हिंसक होते असे सिद्ध करण्याची गरज नाही. ते त्या वयाला झेपणारे नाही, एवढे पुरेसे आहे. चित्रपटांसाठी आपल्याकडे प्रमाणपत्र मंडळ आहे, तसे खेळांसाठी नाही, म्हणून ही जबाबदारी पालकांवरच पडते. मोबाइलवरच्या खेळांना प्ले स्टोअरवर वयाचा आकडा दिलेला असतो. सभेत एखाद्या पालकाचा मोबाइल घेऊन तो आकडा कुठे दिसतो हे सर्वांना प्रत्यक्ष दाखवा.

खरोखर मारणाऱ्या मुलाचा विषय मात्र सभेत काढू नका. त्याच्या आईवडिलांना वेगळे बोलवा आणि खेळाचे नाव काढण्याआधी घरी त्याला कोणी मारते का, आईवडिलांमध्ये मारहाण होते का, शाळेच्या वाटेवर मोठी मुले त्याला त्रास देतात का, हे विचारा. मुलांच्या हाणामारीशी या गोष्टींचा संबंध खेळांपेक्षा कितीतरी दाट आहे, आणि ‘मोबाइलमुळे असे झाले’ हे उत्तर आधीच हाती दिले तर घरातले कोणी या प्रश्नांची उत्तरे देणार नाही.