प्रश्न वाचकांचे : काडतूस-चाचणीतली जुनी अ‍ॅक्शन

प्रश्न : मी मूळचा खडकीचा असून गेली अनेक वर्षे अमेरिकेत मिसूरी राज्यात राहतो. आमच्या शेजारचे एक वृद्ध टर्नर वारल्यानंतर त्यांच्या लेथच्या सामानाबरोबर स्प्रिंगफील्ड 1903 रायफलची अ‍ॅक्शन, म्हणजे नळी आणि दस्ता नसलेला नुसता रिसीव्हर (नळी ज्यात बसते तो पोलादी सांगाडा) व बोल्ट (काडतूस मागून बंद करणारा सरकता दांडा), मी रीतसर विकत घेतली. लष्करी काडतुसांच्या चाचणीसाठी वापरून झाल्यावर ती जादा माल म्हणून विकली गेली होती, असे त्यांच्या मुलाने सांगितले. तिच्यावर स्प्रिंगफील्ड आर्मरी या अमेरिकी लष्करी शस्त्र-कारखान्याचे नाव आणि 7,40,000 च्या पुढचा क्रमांक आहे. नवी नळी बसवून नेमबाजीची रायफल करावी, असे मनात आहे. चाचणीची काडतुसे सोसून जी टिकली, ती मजबूतच असणार ना? की ती पुण्याला भावाकडे नेऊन ठेवावी?

उत्तर : आपण नळी बसवण्यापूर्वी विचारलेत, हे फार बरे झाले. या अ‍ॅक्शनवर नळी बसवू नये आणि तिच्यातून एकही गोळी झाडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कारण त्या क्रमांकातच आहे. अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली त्या 1917 साली या बनावटीचे काही रिसीव्हर गोळी झाडताना अक्षरशः काचेसारखे फुटले. चौकशीत असे आढळले की, घडाईच्या वेळी पोलाद किती तापले हे जुने कारागीर नुसत्या रंगावरून ठरवत असत; लख्ख उन्हाच्या दिवशी तोच रंग डोळ्यांना फिका दिसे, म्हणून पोलाद आणखी तापवले जाई आणि जास्त तापल्यामुळे ते ठिसूळ होई. तापमापक यंत्रे आणि दुहेरी उष्णता-प्रक्रिया त्यानंतर आली. म्हणून स्प्रिंगफील्डचे 8,00,000 च्या आतले आणि याच रायफली बनवणाऱ्या रॉक आयलंड या दुसऱ्या कारखान्याचे 2,85,507 च्या आतले रिसीव्हर झाडण्यास अयोग्य मानले जातात. त्यांतले सगळेच ठिसूळ आहेत असे नव्हे, पण कोणता आहे आणि कोणता नाही हे बाहेरून ओळखता येत नाही. चुंबकीय तपासणीत चीर असेल तर ती दिसते. ठिसूळपणा दिसत नाही.

आता आपला मुख्य मुद्दा घेऊ. फुटलेल्या रिसीव्हरांनीही कारखान्यातून बाहेर पडण्यापूर्वी जादा दाबाच्या काडतुसाची परीक्षा पार केलेली होती. ठिसूळ पोलाद संथपणे वाढणारा दाब अनेकदा सोसते. पण एखाद्या काडतुसाचे पितळी बूड फाटले आणि वायू एकदम मागे उसळला की त्या धक्क्याने ते दुभंगते. चांगले पोलाद अशा वेळी वाकते, फुगते, म्हणजे निदान इशारा देते. शिवाय चाचणीगृहात अशी सामग्री घट्ट जखडलेली असते आणि माणूस आडोशाला असतो. आपल्या रायफलीवर मात्र आपला गाल टेकलेला असेल. पुन्हा उष्णता-प्रक्रिया करून घ्यावी, असेही कोणी सुचवील. लष्कराने तेही करून पाहिले आणि त्यावर विसंबता येत नाही, असेच ठरले.

मग तिचे करायचे काय? माझ्या मते आहे तशी जपून ठेवावी. मॅसेच्युसेट्समधील डॉ. फ्रँकलिन मान यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी जाड नळी इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराच्या खाचेत टेकवून गोळीचा माग काढण्याची पद्धत रुळवली, आणि पुढे लष्करी कारखान्यांत अचूकतेच्या चाचणीसाठी तीच वापरात आली. दाब मोजायचा तर नळीला भोक पाडून त्यात दट्ट्या बसवत आणि तांब्याचा लहानसा गट्टू त्याखाली किती चेपला, हे मायक्रोमीटरने पाहत. अशा कामातल्या वस्तू वापरून झाल्या की बहुधा भंगारात जातात, म्हणून उरलेलीचे मोल अधिक. बोल्टचे तोंड उजेडात धरून भिंगातून पाहा. फायरिंग पिनच्या, म्हणजे काडतुसावर आघात करणाऱ्या सुईच्या, भोकाभोवती बारीक खड्ड्यांचे कडे दिसले, तर ती काडतुसाच्या बुडातल्या, दारू पेटवणाऱ्या गळक्या टोप्यांतून निसटलेल्या वायूची खूण असते. ते घासून काढू नका, पॉलिश करू नका. पातळ तेलाचा हात पुरे.

पुण्याला नेण्याचा विचार मात्र सोडून द्यावा. भारताच्या 1959 च्या शस्त्र कायद्यात बंदुकीचे सुटे भागही बंदुकीतच मोडतात आणि परवान्याशिवाय ते आणणे गुन्हा आहे. अमेरिकेतही 1968 च्या कायद्यानुसार नुसता रिसीव्हर म्हणजे बंदूकच. दुसऱ्या राज्यातल्या माणसाला विकायचा तर परवानाधारक विक्रेत्यामार्फतच द्यावा लागतो.

पुढेमागे विकलीत, तर क्रमांकाचा अर्थ घेणाऱ्याला लिहून द्या. शेजाऱ्यांच्या मुलाकडून ऐकलेली हकीकत त्याच्याच सहीने कागदावर आजच उतरवून घ्या, आणि रिसीव्हरला एक जाड चिठ्ठी तारेने बांधा : ‘झाडण्यासाठी नाही’. उद्या आपल्या पश्चात ते कपाट उघडणाऱ्याला ही पार्श्वभूमी ठाऊक नसेल.