अडॅप्टर लावला, पण वायफाय कुठे आहे?

या वेळच्या टपालात यूएसबी वायफाय अडॅप्टरचीच गर्दी आहे. उत्तरांआधी एक विनंती. 'चालत नाही' एवढंच लिहिलेलं पत्र माझ्या काही कामाचं नसतं. अडॅप्टर कॉम्प्युटरला दिसतो का, ड्रायव्हर (म्हणजे उपकरण चालवणारा छोटा प्रोग्राम) बसला का, नेटवर्कची नावं दिसतात का, जोडणी होते का, आणि जोडून झाल्यावर तुटते का? गाडी यातल्या कुठल्या पायरीवर अडली ते कळवा. अर्धं निदान तिथेच होतं.

प्रश्न : ताई, जुन्या डेस्कटॉपसाठी नखाएवढा वायफाय अडॅप्टर घेतला. सोबत सीडी आली, पण माझ्या कॉम्प्युटरला सीडी ड्राइव्हच नाही. गंमत म्हणजे अडॅप्टर लावल्यावर 'धिस पीसी'मध्ये एक सीडी ड्राइव्ह दिसायला लागला! वायफायचं चिन्ह मात्र कुठेच नाही. विंडोज १० आहे. भाचा म्हणतो, विंडोज नव्याने टाकावं लागेल. टाकू का?

उत्तर : भाच्याला थांबवा. तो सीडी ड्राइव्ह म्हणजे तुमचा अडॅप्टरच आहे. बऱ्याच अडॅप्टरच्या पोटात थोडी मेमरी असते आणि ड्रायव्हर तिच्यातच भरून ठेवलेला असतो. लावल्या लावल्या तो 'मी सीडी आहे' अशी ओळख करून देतो. त्या सीडीतलं सेटअप चालवलं की ड्रायव्हर बसतो आणि मग हे महाशय सोंग उतरवून वायफाय म्हणून पुन्हा हजर होतात. तेव्हा आधी ती सीडी उघडा, सेटअप चालवा आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. एवढ्यानं भागलं तर माझं पुढचं पुराण वाचायची गरज नाही.

सेटअप झाल्यावरही सीडी ठाण मांडून बसली असेल तर तिच्यावर राइट क्लिक करून 'इजेक्ट' करा. बरेच अडॅप्टर याच इशाऱ्यावर रूप बदलतात.

आता समजा, सीडी गेली पण डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोजमधल्या जोडलेल्या उपकरणांच्या यादीत) पिवळं चिन्ह आलं. त्यावर डबल क्लिक केल्यावर 'कोड २८' दिसला तर ड्रायव्हर बसलेलाच नाही. 'कोड १०' असेल तर ड्रायव्हर आहे, पण उपकरण सुरू होत नाही. तिथे बहुधा चुकीचा ड्रायव्हर बसलेला असतो किंवा पोर्ट तरी खराब असतो. दोन्ही वेळा 'डिटेल्स'मध्ये जाऊन 'हार्डवेअर आयडीज' निवडा. तिथे व्हीआयडी म्हणजे बनवणाऱ्या कंपनीचा क्रमांक आणि पीआयडी म्हणजे त्या वस्तूचा क्रमांक दिसेल. व्हीआयडी ०बीडीए असेल तर चिप रिअलटेकची. १४८एफ असेल तर रॅलिंकची. ही कंपनी २०११ मध्ये मीडियाटेकने घेतली, म्हणून ड्रायव्हर मीडियाटेकच्या नावाने सापडला तर बिचकू नका. काही मोठ्या ब्रँडच्या अडॅप्टरवर त्यांचा स्वतःचाच क्रमांक असतो. पीआयडी १ए२बी दिसला तर रिअलटेकची चिप अजून सीडीच्याच सोंगात आहे. अशा वेळी ड्रायव्हर शोधत बसण्यात अर्थ नाही, आधी इजेक्ट.

मी डब्यावरच्या नावापेक्षा या क्रमांकांवर जास्त विश्वास ठेवते. एकाच मॉडेलच्या दोन आवृत्त्यांत वेगवेगळ्या कंपन्यांच्या चिप असतात. टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूएन७२२एन घ्या. पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची चिप होती, दुसऱ्या आवृत्तीत रिअलटेकची आली. नाव तेच, रूपडं तेच, ड्रायव्हर मात्र वेगळा. अडॅप्टरच्या पाठीवर बारीक अक्षरात 'व्ही१', 'व्ही२' असं काहीतरी लिहिलेलं असतं. भिंग घेऊन वाचा आणि कंपनीच्या संकेतस्थळावर तीच आवृत्ती निवडा. 'तुमचे सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये अपडेट करतो' म्हणणाऱ्या प्रोग्रामांना मात्र दारात उभं करू नका. माझ्याकडे येणाऱ्या बिघडलेल्या कॉम्प्युटरांत हे पाहुणे हमखास भेटतात.

राहिला प्रश्न, इंटरनेटच नाही तर ड्रायव्हर उतरवायचा कसा? अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने कॉम्प्युटरला जोडा आणि फोनमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. बहुतेक फोनमध्ये डेटा पॅकला हातही लागत नाही, फोन ज्या वायफायवर आहे तेच केबलमधून पुढे जातं.

प्रश्न : माझा अडॅप्टर दिवसभर छान चालतो. पण बॅकअपसाठी एक्स्टर्नल हार्ड डिस्क लावली की नेट रडतखडत चालतं, कधी पार तुटतं. डिस्क काढली की पूर्ववत. डिस्कमध्ये व्हायरस असेल का?

उत्तर : नाही. पत्रांच्या या ढिगातलं तुमचं पत्र मला सगळ्यात आवडलं, कारण परीक्षा तुम्ही स्वतःच घेतली आहे : डिस्क लावली की बिघाड, काढली की ठीक.

यूएसबी ३ ची डिस्क सेकंदाला ५ गिगाबिट वेगाने माहिती वाहते तेव्हा पोर्ट, केबल आणि डिस्कच्या डब्यातून रेडिओ गोंगाट बाहेर पडतो. तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावरही पसरतो आणि तुमचं वायफाय बहुधा तिथेच बोलतंय. इंटेलने २०१२ मध्ये यावर सविस्तर टिपण काढलं होतं. वायरलेस माउस वापरत असाल तर तोही डिस्क चालू असताना अडखळतो का पाहा. बहुतेक माउसही २.४ वरच चालतात. अडखळला तर शंकाच उरली नाही.

उपाय अगदी गावठी आहे. अडॅप्टर यूएसबी एक्स्टेंशन केबलवर लावून डिस्कपासून हातभर लांब, जमल्यास टेबलावर उंच ठेवा. डेस्कटॉपच्या मागे, लोखंडी डब्याला खेटून बसलेल्या अडॅप्टरला तसाही सिग्नल कमीच मिळतो, त्यामुळे एका केबलमध्ये दोन दुखणी बरी होतात. डिस्कची केबल सुमार असेल तर चांगल्या शील्डिंगची, म्हणजे गोंगाट आतच अडवणाऱ्या आवरणाची, घ्या. अडॅप्टरला ५ गिगाहर्ट्झ जमत असेल तर सरळ त्यावर जा, तिथे हा गोंगाट फारसा पोचत नाही. आणि स्वतःचा वीजपुरवठा नसलेल्या एकाच हबवर (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणाऱ्या डबीवर) डिस्क आणि अडॅप्टर दोघांना बसवलं असेल तर आधी ते मोडा. दोघं एकाच पोर्टच्या विजेवर जगतायत.

प्रश्न : डब्यावर १५० एमबीपीएस लिहिलंय. मला फार तर ४० मिळतात. फसवणूक झाली का?

उत्तर : तुम्हाला ठणठणीत अडॅप्टर मिळालाय. १५० हा ४० मेगाहर्ट्झ रुंद चॅनेलवरचा, म्हणजे वायफायच्या हवेतल्या रुंद वाटेवरचा, कागदी वेग आहे. आजूबाजूला नेटवर्कची गर्दी असली की जोडणी २० मेगाहर्ट्झवर येते, आणि तिथे एका अँटेनाची कमाल ७२ आहे. त्यातलं निम्मं वायफायच्या आपसातल्या बोलाचालीत जातं. उरतात साधारण ३५-४०. डब्यावरचा आकडा छापणाऱ्याला यातलं सगळं माहीत असतं, हे वेगळं सांगायला नको.

प्रश्न : फोनवर आमच्या वायफायची दोन नावं दिसतात, कॉम्प्युटरवर एकच. ५ गिगाहर्ट्झचं नाव येतच नाही.

उत्तर : आधी अडॅप्टरला ५ गिगाहर्ट्झ येतं का ते बघा. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'नेटएसएच डब्ल्यूलॅन शो ड्रायव्हर्स' ही आज्ञा इंग्रजीत (netsh wlan show drivers) द्या. 'रेडिओ टाइप्स सपोर्टेड' या ओळीत ८०२.११ए किंवा ८०२.११एसी दिसलं तर येतं. फक्त बी, जी, एन दिसलं तर बहुधा नाही, आणि ते कुठल्याही सेटिंगने येणार नाही.

येत असूनही नाव दिसत नसेल तर राउटरचा चॅनेल तपासा. ५२ ते १४४ हे चॅनेल रडारबरोबर वाटून घ्यावे लागतात आणि काही अडॅप्टर त्यांच्या वाटेला जातच नाहीत. राउटरमध्ये 'ऑटो' काढून ३६ ते ४८ पैकी एक चॅनेल द्या. नाव दिसतं पण जोडणी होत नाही, अशी तऱ्हा असेल तर राउटरमध्ये सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए३ या नव्या वायफाय-सुरक्षा प्रकारावर ठेवली आहे का बघा. जुन्या अडॅप्टरसाठी डब्ल्यूपीए२ आणि ३ असा मिश्र पर्याय ठेवावा लागतो.

प्रश्न : कॉम्प्युटर स्लीपमधून उठला की अडॅप्टर गायब. काढून परत लावावा लागतो.

उत्तर : डिव्हाइस मॅनेजरमध्ये अडॅप्टरच्या 'पॉवर मॅनेजमेंट'मध्ये जा आणि वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करू देणारी खूण काढा. काही कॉम्प्युटरांवर हा भाग दिसतच नाही. तिथे पॉवर ऑप्शन्समधलं 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करा. तेवढ्यानं नाही जमलं तर ड्रायव्हरची तारीख बघून नवा टाका, आणि पुढच्या पत्रात व्हीआयडी-पीआयडी कळवा.