पीएचपीमध्ये बाहेरचं व्हेरिएबल फंक्शनच्या आत का मिळत नाही?

तुम्ही वर $भाव ला किंमत दिलीय, खाली फंक्शनमध्ये तेच वापरलंय, शेवटी उत्तर इकोनं छापलंय, तरी गुणाकार शून्य येतोय. भाऊ, याच शून्यानं मला एकदा चारचौघांत तोंडघशी पाडलंय.

रावेरकडच्या एका केळी व्यापाऱ्याला बिलाचं पान करून दिलं होतं. क्विंटलचा भाव पहिल्याच ओळीत, खाली हिशोबाचं फंक्शन: वजन गुणिले भाव, त्यातून उचल वजा. माल ९० क्विंटल, भाव १,३५०, उचल २०,०००. यायला हवे होते १,०१,५००. पावती निघाली उणे २०,००० ची. शेतकऱ्यानं ती उलटसुलट करून पाहिली अन् म्हणाला, "माल बी मीच द्यायचा, पैसे बी मीच?"

पीएचपीत फंक्शनच्या आतली नावं वेगळी, बाहेरची वेगळी. वजन अन् उचल मी कंसातून आत दिली होती, भाव नाही. म्हणून आतलं $भाव कोरं, आणि कोऱ्याला नव्वदनं गुणलं की शून्यच. जावास्क्रिप्टवरून आलेला माणूस इथं हमखास फसतो, तिथं आतून बाहेरचं दिसतं. पीएचपी ८ निदान वॉर्निंग देतं. माझ्याकडे तेव्हा ७ होतं, ते नुसती नोटीस, म्हणजे वॉर्निंगहून सौम्य सूचना, द्यायचं, आणि सर्व्हरवर एरर दाखवणंच बंद.

तेव्हा लागेल ते कंसातून आत द्या: हिशोब($वजन, $भाव, $उचल). उचल कधी नसते, म्हणून तिला आधीच शून्य ही किंमत देऊन ठेवा, आणि ती कंसात शेवटी ठेवा. (देवनागरी नावं पाहून दचकू नका, पीएचपीला चालतात.)

फंक्शनच्या आत global $भाव; लिहून बाहेरचंच नाव आत घेतलं तरी भागतं, मी आधी तेच केलं. मग कुणीतरी आठवड्यापूर्वीची पावती पुन्हा मागितली, ती निघाली आजच्या भावानं! केळीचा भाव काय एका जागी थांबतो? आता जुन्या पावतीला त्या दिवशीचा भाव डेटाबेसमधून काढून देतो, नव्या पावतीला आजचा. फंक्शन तेच.

आणि तुमच्या फंक्शनच्या शेवटी इको आहे, तिथं रिटर्न करा, म्हणजे उत्तर बोलावणाऱ्याच्या हातात परत येतं. इको जिथं बोलावलं तिथंच छापून मोकळं होतं. महिनाअखेरच्या बेरजेला हातात काहीच उरत नाही. माझ्या पानावर तर रक्कम दुकानाच्या नावाच्याही वर जाऊन बसली होती.